गोळ्यांची बाटली रिकामी होऊ नये म्हणून: एचआयव्ही मदतगट कसा चालवावा

एचआयव्हीची औषधं आपल्याकडे सरकारी केंद्रात फुकट मिळतात. 1 एप्रिल 2004 रोजी देशातल्या आठ सरकारी रुग्णालयांतून ही योजना सुरू झाली, त्यात मुंबईचं जे. जे. होतं. 2017 पासून सीडीफोर (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) कितीही असला तरी तपासणी पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाला औषध सुरू करायचं असं धोरण आहे. तरीही गोळ्या सुटतात. का सुटल्या असं विचारलं की उत्तरं येतात ती अशी: सकाळची एसटी चुकली, मुकादमानं सुट्टी दिली नाही, रांगेत गावातला माणूस दिसला म्हणून मागच्या मागं परतले, सासूनं बाटली बघितली. गोळीला पैसे पडत नाहीत, पण ती घरापर्यंत आणायला पडतात, आणि लाजेचं ओझं वेगळंच. हा भार एकट्या माणसावर पडू नये यासाठी मदतगट लागतो. तालुक्याच्या गावात पाच-सहा जणांनी मिळून तो कसा उभा करावा, हे अनेक वर्षं एआरटी (एचआयव्हीची औषधं देणाऱ्या) केंद्राबाहेरच्या बाकावर बसून जे शिकले त्यावरून लिहिते आहे.

आधी जिल्ह्याची वही भरा

गट काढायचा म्हणून लगेच नाव, लेटरहेड, शिक्का यांच्या मागे लागू नका. आधी एक वही घ्या. तपासणी कुठं होते (आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन व तपासणी केंद्र, बहुतेक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत असतं), एआरटी केंद्र कुठं आहे (बहुधा जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये किंवा मेडिकल कॉलेजात) आणि आपल्याला जवळचं लिंक एआरटी केंद्र कोणतं, हे लिहा. लिंक केंद्राचं महत्त्व फार आहे. प्रकृती स्थिर असलेल्या माणसाला दर वेळी सिव्हिल गाठावं लागत नाही, गोळ्या तिथूनच मिळतात. पण ही सोय माणसाला कुणी सांगितलेलीच नसते, आणि तो वर्षानुवर्षं साठ-सत्तर किलोमीटरची खेप करत राहतो.

मग बारीकसारीक माहिती भरा. केसपेपर किती वाजेपर्यंत निघतो, रक्त कोणत्या वारी घेतात, औषध देणारी खिडकी जेवणाला कधी बंद होते, परतीची शेवटची एसटी किती वाजता. एका पानावर जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण कक्षाचा, म्हणजे डापकूचा, पत्ता आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची, म्हणजे नॅकोची, 1097 ही मोफत हेल्पलाइन. महाराष्ट्रात वरचं कार्यालय महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्थेचं, मुंबईत मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्थेचं आणि गोव्यात गोवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेचं.

जिल्ह्यात संसर्गित लोकांचं नेटवर्क आधीच असेल तर त्यांना भेटल्याशिवाय वेगळी चूल मांडू नका. आपल्याकडे या कामाची परंपरा जुनी आहे. गोव्यात डॉमिनिक डिसोझा यांना 1989 साली, केवळ एचआयव्ही आहे म्हणून, पोलिसांनी नेऊन दोन महिन्यांहून जास्त काळ कोंडून ठेवलं होतं. त्यांनीच पुढे 1992 मध्ये 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली. सांगलीत 'संग्राम', पंढरपुरात मुलांसाठी 'पालवी', मुंबईत 'हमसफर ट्रस्ट' अशी कामं त्याच दशकाच्या मागेपुढे सुरू झाली आहेत. त्यांच्या अनुभवाचा हात धरा.

नोंदणी लगेच लागत नाही. मात्र देणगी घ्यायची वेळ आली की धर्मादाय आयुक्तांकडे रीतसर नोंदणी, बँक खातं आणि पावतीपुस्तक या तिन्हीशिवाय एक रुपयाही घेऊ नका.

गुप्तता: इथं चूक झाली की गट संपतो

या भागावर मी सर्वांत जास्त वेळ घेणार आहे.

आमच्या एका कार्यकर्त्यानं चांगल्या मनानं एक व्हॉट्सअॅप ग्रुप केला. नाव ठेवलं 'एआरटी तारीख'. त्यात अकरा जणांचे नंबर टाकले. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एका ताईचा फोन तिच्या पुतण्याच्या हातात होता. त्या ताई पुन्हा आमच्याकडे आल्या नाहीत, आणि वर्षभर केंद्रावरही गेल्या नाहीत. तेव्हापासून आमचे नियम ठरले आहेत.

ग्रुप करायचा नाही. प्रत्येकाला वेगळा फोन, आणि तोही त्या माणसानं सांगितलेल्या वेळी. फोन दुसऱ्या कुणी उचलला तर काय बोलायचं हे आधीच ठरवायचं: 'बचत गटाची मीटिंग आहे', 'शिलाईचं माप द्यायचं होतं', जे त्या घरात खपेल ते. वहीत नावाऐवजी क्रमांक, आणि क्रमांक-नावाची यादी वेगळ्या कुलपात, एकाच जबाबदार माणसाकडे. घरी भेट द्यायची तर आमंत्रण आल्यावरच. गटाच्या पिशवीवर, गाडीवर, टी-शर्टवर एड्सच्या खुणेची लाल फीत नको.

हा नुसता शिष्टाचाराचा प्रश्न नाही. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा 2017 हा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्यानुसार लेखी संमतीशिवाय कुणाचीही एचआयव्हीची माहिती उघड करता येत नाही, आणि अशी माहिती सांभाळणाऱ्या संस्थांवर ती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी आहे. त्यात आपणही आलो. देणगीदाराला 'लाभार्थ्याचा फोटो' हवा असेल तर नम्रपणे नाही म्हणा. देणगी गेली तरी चालेल.

नवीन माणूस येतो तेव्हा

पहिल्या भेटीत कागद मागू नका, चहा द्या. बोलणं त्यांना करू द्या. बहुतेकांच्या मनात पहिले दोन प्रश्न असतात: मी किती दिवस जगेन, आणि घरी कळेल का. पहिल्याचं उत्तर खरं आणि आशेचं आहे: गोळ्या रोज घेतल्या तर संसार, नोकरी, शेती, सगळं होतं. दुसऱ्याचं उत्तर म्हणजे वरचे नियम.

मग केंद्रावर सोबत जा. सोबत जाणं हे गटाचं सर्वांत मोठं औषध आहे, हे मी अनुभवानं सांगते. आयसीटीसीचा रिपोर्ट, एखादं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घ्या. पत्त्याचा पुरावा नसेल आणि ग्रामपंचायतीकडून रहिवासी दाखला काढायचा असेल, तर तो कशासाठी हवा हे तिथं सांगत बसायची गरज नाही. कागद अपुरा म्हणून कुणाला परत पाठवत असतील तर वाद न घालता थेट केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला भेटा. उपचार कागदासाठी अडून राहू नयेत.

तिथं नोंदणी होते, समुपदेशक बोलतात, रक्ताच्या तपासण्या होतात, टीबीची लक्षणं विचारतात. टीबी निघाला तर त्याचे उपचारही मोफत आहेत. खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम यांतलं काहीही लपवू नका असं आधीच सांगून ठेवा. टीबी असेल तर गोळ्यांचं वेळापत्रक आणि मात्रा दोन्ही बदलतात. माणसाच्या हातात येतं ते उपचाराच्या नोंदींचं हिरवं पुस्तक. ते घरी ठेवणं शक्य नसेल तर कुठं ठेवायचं हे त्याच दिवशी ठरवा. पहिल्याच पानाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावा, पण फोन घरातल्या सगळ्यांच्या हातात जात असेल तर तोही नको.

सध्या बहुतेक प्रौढांना टीएलडी मिळते: टेनोफोविर 300, लॅमिव्हुडिन 300 आणि डोल्युटेग्राविर 50 मिलिग्रॅम, दिवसातून एकच गोळी. पूर्वी मूठभर गोळ्या वेगवेगळ्या वेळी घ्याव्या लागत, त्या मानानं हे फार सोपं आहे. तरी एक गोष्ट खिडकीवर घाईत राहून जाते. कॅल्शियम, लोह किंवा पित्ताची जेलसारखी औषधं याच वेळी घेतली तर डोल्युटेग्राविर अंगात नीट शोषलं जात नाही. ती औषधं टीएलडीनंतर किमान दोन तासांनी किंवा टीएलडीच्या सहा तास आधी घ्यावीत. गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या चालूच असतात, म्हणून तिच्याशी हे मुद्दाम बोला. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

तारीख आणि प्रवास

गोळ्या संपण्याच्या दिवशी केंद्रावर जायचं ही सवय मोडा. बाटलीत सात गोळ्या उरल्या की निघायचं. आम्ही याला 'सातचा नियम' म्हणतो. आठवडाभराची फुरसत असली की पाऊस, लग्न, मयत, एसटीचा संप, काहीही आलं तरी खंड पडत नाही.

प्रकृती स्थिर असलेल्यांना दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देता येतात. ही मागणी माणसाला स्वतः करायला शिकवा. 'साहेब, मी रोजंदारीवर आहे, दर महिन्याला येणं जमत नाही' एवढं एक वाक्य पुरतं, पण ते म्हणायचं धैर्य येण्यासाठी कधी कधी तीन खेपा सोबत जावं लागतं.

आता खर्च. समजा जाऊन-येऊन दीडशे रुपये भाडं, पन्नासचा नाश्ता आणि चारशेची बुडालेली मजुरी. एका खेपेला सहाशे रुपये. बारा खेपा म्हणजे बहात्तरशे, चार खेपा म्हणजे चोवीसशे. गटाच्या फंडातून भाडं देण्याआधी हा हिशेब मांडा, कारण खेपा कमी करणं हीच पहिली बचत आहे. त्यानंतर सवलती. एसटीच्या सवलतींच्या यादीत एचआयव्ही संसर्गितांचा समावेश आहे. कागद कोणते लागतात ते आगारात विचारा, पण विचारायला गटातल्या माणसानं जावं, रुग्णानं नव्हे. रेल्वेत ठरावीक एआरटी केंद्रांवर उपचाराला जाण्यासाठी दुसऱ्या वर्गाच्या भाड्यात सवलत आहे. सवलतीचा कागद कंडक्टरसमोर दाखवायची भीती ज्यांना वाटते त्यांना पूर्ण भाडं फंडातून द्या आणि त्यावर चर्चा करू नका.

चरितार्थ चालवता येत नाही अशांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेत अर्ज करता येतो; योजनेच्या निकषांत एचआयव्ही-एड्सचा उल्लेख आहे. अर्ज तहसील कार्यालयात जातो. तिथल्या यादीत आजाराचं नाव उघड लागू नये म्हणून नायब तहसीलदारांशी आधी एकांतात बोलून घ्या. आई-वडील गेलेल्या किंवा आजारी असलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, ती महिला व बालविकास कार्यालयाकडे.

फंडातून औषध मात्र विकत घेऊन ठेवू नका. एखादा माणूस वारला की घरचे त्याची उरलेली बाटली गटाकडे आणून देतात, डोळ्यांत पाणी असतं, 'कुणाच्या तरी कामी येईल' म्हणतात. ती नम्रपणे घ्या आणि केंद्रावर परत करा. दुसऱ्याच्या मात्रेची, पत्र्याच्या घरात तापलेली गोळी कुणाला देणं हे मदतीच्या नावाखाली केलेलं नुकसान आहे.

व्हायरल लोड वाढला की

औषध सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी आणि मग दर वर्षी व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात विषाणू किती याची, तपासणी मोफत होते. तो दबलेला असला की औषध काम करतंय. रक्तात विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला तर लैंगिक संबंधातून तो पुढे जात नाही, हे जोडप्यांना स्पष्ट शब्दांत सांगा. अनेक संसार या एका माहितीवर सावरतात.

लोड 1000 च्या वर आला तर लगेच 'तुम्ही गोळ्या खात नाही' असं म्हणू नका. आधी विचारा: जेवण मिळतं का, दारू वाढली का, गोळी खाताना कुणी बघतं का, कुठली भस्मं किंवा काढे चालू आहेत का. समुपदेशनानंतर तपासणी पुन्हा होते. तरीही लोड वरच असेल तर प्रकरण तज्ज्ञांच्या पॅनलकडे जातं आणि दुसऱ्या फळीची औषधं सुरू होतात. तीही 2008 पासून सरकारी योजनेत मोफत आहेत. बाहेर ती महाग पडतात, म्हणून 'इथली औषधं लागू पडेनात' म्हणून खासगीत पळणाऱ्याला थांबवणं गटाच्या हातात आहे. पॅनलचं काम रेंगाळलं तर दर आठवड्याला केंद्रावर विचारत राहा आणि विचारल्याची तारीख वहीत लिहा.

खासगीतून विकत घेणारे

ओळख उघडी पडू नये म्हणून काही जण दूरच्या शहरात, खासगी डॉक्टरकडे जातात. त्यांच्यावर टीका नको. पण त्यांना पर्याय सांगा: शेजारच्या जिल्ह्यातल्या सरकारी केंद्रात नोंदणी करता येते, आणि इतर दुखण्यांसाठी आपला डॉक्टर सोडावा लागत नाही. तरी विकतच घ्यायचं असेल तर चिठ्ठीवर औषधांची मूळ नावं लिहून मागा, तीच मात्रा असलेल्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाटल्यांची किंमत दोन-तीन दुकानांत विचारा, बिल घ्या, मुदत बघा.

आणि एचआयव्ही मुळापासून बरा करतो म्हणणाऱ्यांपासून माणसांना वाचवा. एड्स बरा करण्याचा दावा करून औषध विकायला कायद्यानं मनाई आहे. तरी चूर्णाच्या पुड्यांसाठी दागिने मोडलेली घरं मी पाहिली आहेत.

केंद्रावर गोळ्याच नसल्या तर

2022 च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात देशात अनेक ठिकाणी औषधांचा तुटवडा झाला. दिल्लीत संसर्गित लोक जुलैपासून महिनाभराहून जास्त काळ नॅकोच्या कार्यालयात ठाण मांडून बसले. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या याचिकेवर सरकारला नोटीस काढली. त्या काळात डोल्युटेग्राविर 50 ची सुटी गोळी मिळेना, आणि टीबीच्या रिफॅम्पिसिनसोबत ती जास्तीची गोळी लागते, म्हणजे ज्यांना दुहेरी आजार त्यांचीच जास्त पंचाईत.

तुटवड्याची चाहूल लवकर लागते. तीन महिन्यांऐवजी एक महिन्याच्या, मग पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळायला लागल्या की वहीत तारीख, औषधाचं नाव, हवे होते किती, मिळाले किती, हे लिहायला सुरुवात करा. खिडकीवरच्या फार्मासिस्टशी भांडू नका. खरेदी वर होते, तो तुमच्यासारखाच वाट पाहत असतो, आणि खरा आकडा तोच सांगू शकतो. शेजारच्या केंद्रातून साठा मागवता येईल का हे वैद्यकीय अधिकाऱ्याला विचारा. रुग्णांना एकच गोष्ट बजावा: गोळ्या पुरवून पुरवून, एक दिवसाआड खायच्या नाहीत, आणि तीन औषधांतलं एखादंच मिळालं तर ते एकटं सुरू ठेवायचं नाही. काय करायचं ते डॉक्टरच ठरवतील. अर्धवट डोसानं विषाणू औषधाला दाद देईनासा होतो.

मग कागद. एका पानाचं निवेदन, वहीतले आकडे, एकाही रुग्णाचं नाव नाही. प्रत डापकूला, राज्य संस्थेला, नॅकोला, पोच घ्या. दोन-तीन दिवसांत हालचाल नसेल तर माहिती अधिकारात साठा आणि मागणीचे आकडे मागा. फी 10 रुपये. एरवी उत्तराची मुदत 30 दिवस, पण माहिती जीविताशी संबंधित असेल तर 48 तास. अर्जाच्या वरच ते ठळक लिहा. अर्ज गटातल्या अशा नागरिकानं करावा ज्याचं नाव पुढे आलं तरी चालेल. 2017 च्या कायद्याखाली राज्याच्या लोकपालाकडेही दाद मागता येते. तक्रारीवर 30 दिवसांत, आणि वैद्यकीय निकड असेल तर शक्यतो 24 तासांत आदेश देण्याची तरतूद आहे. रुग्णालयात शस्त्रक्रिया नाकारली, बाळंतपणाला आत घेतलं नाही, अशा वेळी हीच तरतूद कामाला येते.

असं वर जाऊन बोलणं आपल्यासारख्यांचं काम नाही असं गटातल्या कुणाला वाटत असेल, तर त्यांना किमतीची गोष्ट सांगा. 2001 पूर्वी या औषधांचा खर्च माणशी वर्षाला दहा हजार डॉलरच्या पुढे होता. त्या वर्षी मुंबईच्या सिप्लानं तीन औषधांचा संच वर्षाला 350 डॉलरला देऊ केला. 2005 मध्ये आपला पेटंट कायदा बदलून औषधांवरही पेटंट मिळू लागलं, पण पेटंट मिळण्याआधी हरकत घेण्याचा हक्क त्यात राहिला. मणिपूरमधल्या आणि देशभरच्या संसर्गित लोकांच्या नेटवर्कनी तो वापरला, आणि 2006 मध्ये झिडोव्हुडिन-लॅमिव्हुडिनच्या जोडगोळीवरचा अर्ज कंपनीनं मागे घेतला. अलीकडे सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या लेनाकापाविर इंजेक्शनच्या पेटंटवर मुंबईच्या संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टनं हरकत घेतली आहे. हे सगळं सामान्य माणसांनी, वकिलांना सोबत घेऊन केलं.

टोळी निघण्याआधी

आमच्या भागातून दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या थेट मार्च-एप्रिलमध्ये परततात. सहा महिने बाहेर, आणि गोळ्या फार तर तीन महिन्यांच्या. गोळ्या सुटलेल्यांची आमची यादी काढली तर निम्मी नावं या हंगामातली असायची.

आता नवरात्रातच आम्ही कामाला लागतो. मुकादमाला विचारून नव्हे, तर ज्याच्या-त्याच्याकडून कारखान्याचं नाव घेतो आणि त्या भागातलं जवळचं केंद्र शोधतो. थोड्या दिवसांची गरज असेल तर हिरवं पुस्तक दाखवून दुसऱ्या केंद्रातून तात्पुरत्या गोळ्या मिळतात. पूर्ण हंगाम काढायचा असेल तर रीतसर ट्रान्सफर करून घेतो, आणि नवीन केंद्रातल्या समुपदेशकाशी निघण्याआधीच फोनवर ओळख करून देतो. कोपीत, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, कुलूप नसतं, म्हणून गोळ्या मूळ बाटलीतच, पण लेबलावर कापडी पट्टी चिकटवून, पिठाच्या डब्यापासून आणि ओलीपासून दूर ठेवायला सांगतो. पहाटे तीनला तोडीला निघणाऱ्याला 'रात्री नऊला गोळी' जमत नाही. तो गाडी भरून आल्यावर भाकरी खातो, ती वेळ धरतो. चुकली तर आठवल्यावर लगेच घ्यायची, दुसऱ्या दिवशी दोन नाही.

संक्रांतीच्या सुमारास प्रत्येकाला एक फोन करतो. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की टोळ्या परततात. त्या आठवड्यात आम्ही कुठलीच मीटिंग ठेवत नाही. एकेकाला भेटतो, उरलेल्या गोळ्या सोबत बसून मोजतो, पुस्तकात व्हायरल लोडची तारीख बघतो, आणि ती टळलेली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्याच्यासोबत निघतो.